आठ वॅटचा जपानी ॲम्प: झेन, चहा की जुना बाजार?

अर्धा_आवाज
मंडळी, ऑडिओच्या नादाला लागलेल्या माणसाला कधी ना कधी जपानी व्हॉल्व्ह ॲम्पचं, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणाऱ्या ॲम्प्लिफायरचं, दर्शन घडतंच. मागे भले थोरले तीन ट्रान्सफॉर्मर, पुढे दोन मोठ्या काचेच्या नळ्या (ट्रायोड जातीच्या), शेजारी एखाददुसरी बारकी नळी. ताकद किती? ३००बी नावाची नळी असेल तर चॅनेलमागे आठ वॅट. २ए३ असेल तर साडेतीन. ४५ असेल तर दोनच्या आसपास, तेही नशीब चांगलं असेल तर. आपल्याकडे सोसायटीच्या सत्यनारायणाला येणारा डबासुद्धा शंभर वॅटच्या खाली बोलत नाही.

त्यावरची परीक्षणं वाचली की तेच ते: वाबी-साबी (साधेपणातलं, अपुरेपणातलं सौंदर्य), चहाचा विधी, झेन बागेतले दगड. जपानी माणूस अल्पात समाधानी, म्हणून त्याचा ॲम्पही अल्प वॅटचा. मला हे पटत नाही. माझ्या मते जपानी घरं लहान, भिंती पातळ, शेजारी कानाशी. म्हणून ॲम्प लहान. विषय संपला. तुमचं काय मत?

चहाबिस्कीट
विषय संपला म्हणे! पन्नास प्रतिसाद नक्की. मी खुर्ची ओढून बसलेय.

निशीकासाईकर
मी सात-आठ वर्षं तोक्योतल्या निशी-कासाई भागात आहे (आयडीवरून कळलंच असेल, इथे आपली मंडळी एवढी आहेत की गणपतीत मोदकांची ऑर्डर आधी द्यावी लागते). भिंती पातळ हे शंभर टक्के खरं. खोल्या इथे तातामी चटयांवर मोजतात. सहा चटयांची खोली म्हणजे साधारण दहा चौरस मीटर, आपल्या भाषेत शंभर-एकशेदहा चौरस फूट. शेजारी खोकला तरी कळतं. तेव्हा अर्धा_आवाज यांना माझा पाठिंबा.

ओहमकार
निशीकासाईकर, मग त्याच सहा चटयांच्या खोलीत लोक अल्टेकचे सिनेमा थिएटरातले स्पीकर का ठेवतात? 'व्हॉइस ऑफ द थिएटर' हे त्या मालिकेचं नावच आहे. ए-५, ए-७ ही कपाटाएवढी धुडं. जपानी मासिकांत फोटो बघा: अर्धी खोली स्पीकरने व्यापलेली, उरलेल्या अर्ध्यात रेकॉर्डी, आणि मालक मधल्या फटीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. लहान घर हे कारण असतं तर आधी स्पीकर लहान झाले असते.

दुसरं, सगळ्या जगाला वॅटांचं वेड लावलं ते कुणी? पायोनियरचा एसएक्स-१९८० हा रिसीव्हर १९७८चा, चॅनेलमागे २७० वॅट. त्याआधीचा एसएक्स-१२५० हा १६० वॅटचा. जपानीच की! जी संस्कृती साडेतीन वॅटवाल्याला जन्म देते तीच २७० वॅटवाल्यालाही देत असेल, तर 'संस्कृती' या उत्तराने नेमकं काय सांगितलं?

पोपट_पंची
ओहमकारांनी पहिल्याच ओव्हरमध्ये यॉर्कर टाकला.

व्हॉल्व्हकाका
जरा विस्ताराने लिहितो, कारण वर 'वॅट' हा शब्द जो तो आवाजाचं माप असल्यासारखा वापरतोय. आवाज ठरतो ॲम्प आणि स्पीकर दोघांनी मिळून. स्पीकरची सेन्सिटिव्हिटी म्हणजे एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल येतात ते. हल्लीच्या बुटक्या बुकशेल्फ स्पीकरची असते ८६च्या आसपास. जुन्या थिएटर हॉर्नची ९८, १०० किंवा त्याहून वर.

आता हिशेब करा. ९८ डेसिबलच्या स्पीकरला आठ वॅट दिले की ९ डेसिबल वाढतात, म्हणजे १०७. तेच १०७ डेसिबल ८६वाल्या स्पीकरकडून काढायचे तर सुमारे १२६ वॅट लागतात. म्हणजे ज्याच्याकडे हॉर्न आहे त्याचे आठ वॅट आणि तुमच्या बुकशेल्फवाल्याचे सव्वाशे वॅट एकाच पंगतीला बसतात. त्यात रोजच्या ऐकण्याला सरासरी एक वॅटसुद्धा लागत नाही. बाकीचा साठा तबल्याच्या थापेसाठी, पियानोच्या ठोक्यासाठी.

म्हणून प्रश्न 'जपान्यांनी लहान ॲम्प का निवडला' असा नाहीच. त्यांनी मोठा स्पीकर ठेवला, ॲम्प आपोआप लहान राहिला. पश्चिमेत उलटं झालं. १९५४ साली एडगर व्हिलचर यांनी अकूस्टिक रिसर्चचा एआर-१ आणला. बंद पेटी, आत हवेचीच स्प्रिंग, आकाराच्या मानाने भन्नाट खर्ज. किंमत एकच मोजावी लागली: सेन्सिटिव्हिटी. तो स्पीकर वॅट खातो. स्टीरिओ आल्यावर दिवाणखान्यात दोन पेट्या ठेवायच्या तर लहानच हव्यात, आणि लहान पेटीला मोठा ॲम्प हवा. तिथून शर्यत लागली. ट्रान्झिस्टर आल्यावर वॅट स्वस्त झाले आणि शर्यत सुसाट सुटली. जपानी कारखाने त्या शर्यतीत पहिल्या रांगेत होते, हे ओहमकार म्हणतात ते बरोबर. पण त्याच देशातल्या हौशी लोकांचा एक गट शर्यतीत उतरलाच नाही. खरा प्रश्न त्या गटाचा आहे.

कोकणी_मेवा
काका, म्हणजे आमच्या वाडीतल्या गणपतीचा भोंगा हा खरा जपानी ऑडिओ म्हणायचा? पंधरा वॅटमध्ये तीन वाड्यांना आरती ऐकू जाते.

व्हॉल्व्हकाका
हसू नका, तत्त्व अगदी तेच. हॉर्न पडद्याची आणि हवेची गाठ घालून देतो, म्हणून थोड्या ताकदीत भागतं. फरक एवढाच की तुमच्या भोंग्याला खर्ज नाही आणि त्याखालून कुणी झोपलेला माणूस उठला नाही असं आजवर झालेलं नाही.

सुमेधा_प
अभियांत्रिकी चांगली चाललीये, पण मला संस्कृतीचा मुद्दा इतक्यात कचऱ्यात टाकायचा नाही. जपानी लेखक तानिझाकी यांनी १९३३ साली सावल्यांच्या सौंदर्यावर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यात दिवे, संडास, लाखेची भांडी यांच्या बरोबरीने ग्रामोफोन आणि रेडिओही येतात. त्यांचं म्हणणं असं की ही यंत्रं आपण शोधली असती तर ती आपल्या आवाजाला आणि आपल्या संगीताला धार्जिणी झाली असती. जपानी संगीताचा जीव संयमात आहे, दोन आवाजांमधल्या शांततेत आहे, आणि ध्वनिवर्धकातून मोठं केलं की तो जातो. आता हे १९३३चं आहे. कुण्या परीक्षकाने काल चिकटवलेलं नाही.

ओहमकार
सुमेधाताई, निबंध मीही वाचलाय आणि म्हणूनच सांगतो, तो तुमच्या विरुद्ध साक्ष देतो. तानिझाकींची तक्रार आहे की हे यंत्र परकं आहे आणि आपल्या गाण्याला मारतं. व्हॉल्व्ह ॲम्पवाल्या जपान्यांना हे यंत्र परकं आहे म्हणूनच प्यारं! अमेरिकन नळ्या, अमेरिकन किंवा इंग्लिश स्पीकर, आणि त्यावर ऐकायचं काय? कोल्ट्रेन, बेथोवन, बिली हॉलिडे. शामिसेन (तीन तारांचं जपानी वाद्य) ऐकायला ३००बी घेतलेला माणूस शोधून दाखवा.

सुमेधा_प
शोधते. पण परकी वस्तू घेऊन तिला इतकी घासूनपुसून आपली करणं, की मूळ मालकाने परत येऊन शिकावं, हेही संस्कृतीच आहे ना? संस्कृती म्हणजे फक्त बागेतले दगड का?

पोपट_पंची
+१. (दोघांनाही. मला भांडण आवडतं, बाजू नाही.)

जुनाट_रेडिओ
उशिरा आलो. या धाग्यात एक मोठी गोष्ट राहून गेलीये: वेस्टर्न इलेक्ट्रिक ही अमेरिकन कंपनी.

३००बी ही नळी वेस्टर्नची, १९३८ची. तिच्या आधीची ३००ए वापरून वेस्टर्नने '९१' नावाचा सिनेमाघरांचा ॲम्प काढला होता. एकच आउटपुट ट्रायोड, सुमारे आठ वॅट, आणि तेवढ्यात मध्यम आकाराचं थिएटर भरत असे. आज ज्याला लोक 'जपानी सर्किट' म्हणतात त्याचं मूळ गाव हे. आणि जपानशी वेस्टर्नचं नातं त्याहून जुनं: एनईसी ही जपानी कंपनी १८९९ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या भागीदारीतच उभी राहिली. बोलपट आले तेव्हा वेस्टर्नची यंत्रणा जपानी थिएटरांतही आली आणि ती सांभाळायला तिथले तंत्रज्ञ तयार झाले. त्यातलेच एक कितावो इतो. त्यांनी पुढे मासिकांतून ३००बीचे जे ॲम्प छापले त्यावर एक पिढी पोसली. आतली वायरिंग बघावी, एकही तार विनाकारण वाकलेली नाही.

मासिक म्हणजे 'मुसेन तो जिक्केन', रेडिओ आणि प्रयोग. १९२४ साली सुरू झालं. जपानात रेडिओ प्रसारण सुरू झालं १९२५ला. म्हणजे स्टेशन यायच्या आधी घरी रेडिओ बनवणाऱ्यांचं मासिक हजर!

मग युद्ध. युद्धानंतर तोक्योत खायचे वांधे, पण रेडिओ सगळ्यांना हवा. तयार सेटवर कर होता, सुटे भाग आणून जोडलेला सेट बराच स्वस्त पडे. तोक्योच्या कान्दा भागातल्या विद्युत शाळेची पोरं सेट जोडून विकायची. रस्त्यावर नळ्या, कंडेन्सर, लष्करी भंगार यांच्या टपऱ्या लागल्या. १९४९ साली देशाचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाने रस्त्यावरच्या टपऱ्या हटवल्या, तेव्हा त्यांना रेल्वेच्या पुलाखाली जागा मिळाली. तीच आजची आकिहाबारा. आता तिथे बाहुल्या आणि कॉमिक्स जास्त, पण मूळ पेठ नळ्यांची.

आणि ही गंमत ऐका. हिरोयासू कोंदो यांचा १९८९चा 'ओंगाकू' ॲम्प माहीत असेल. चांदीच्या तारेने गुंडाळलेले ट्रान्सफॉर्मर, नाजूकपणाची परिसीमा म्हणून जगभर नावाजलेला. त्यात नळी कुठली? २११. ही २११ मुळात प्रेषकाची नळी, हजार व्होल्टवर चालणारी. अमेरिकी लष्कर तिला व्हीटी-४सी म्हणायचं आणि ती बीसी-३७५ या विमानी ट्रान्समीटरमध्ये बसायची. बऱ्याच बॉम्बफेकी विमानांत हाच सेट असे. अमेरिकी बॉम्बफेक्यांनी तोक्यो बेचिराख केलं, आणि तसल्या विमानांच्या रेडिओतली नळी युद्धानंतर सरप्लसमध्ये, म्हणजे लष्कराच्या उरलेल्या मालात, किलोने मिळायची.

आता यात झेन कुठे बसवायचं ते तुम्ही ठरवा.

चहाबिस्कीट
शेवटचे दोन परिच्छेद वाचून बिस्कीट चहात पडलं.

सदाशिव_पेठी
वाचनखूण साठवली. एक पुणेरी शंका: चांदीची तार गुंडाळायला सोनार बोलावतात की वायरमन?

लॅमिंग्टन_रोड
जुनाट_रेडिओ यांचा प्रतिसाद वाचून आमचा लॅमिंग्टन रोड आठवला. आपल्याकडेही माल होता हो. मर्फी, बुश, फिलिप्सचे व्हॉल्व्ह सेट घरोघरी. बंगळुरूला भारत इलेक्ट्रॉनिक्स व्हॉल्व्ह बनवत होती. ईएल८४, ईसीसी८३ मी पिशवीत भरून आणलेत. मग आपल्याकडे असला संप्रदाय का नाही झाला? माझं उत्तर: आपल्याला नळी दुरुस्त करायची होती, बदलायची होती, सेट चालू करून गिऱ्हाइकाला परत द्यायचा होता. ट्रान्झिस्टर आला तसा आम्ही सुटकेचा नि:श्वास सोडला. कमी गरम, कमी शॉक, बॅटरीवर चालतो. शेतात नेता येतो.

व्हॉल्व्हकाका
शिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर. सिंगल-एंडेड, म्हणजे एकाच आउटपुट नळीच्या, ॲम्पचा जीव त्यात असतो. त्यातून कायम डीसी वाहत असतो, त्यामुळे लोखंड संपृक्त होऊ नये म्हणून गाभ्यात फट ठेवावी लागते. फट ठेवली की इंडक्टन्स पडतो, खर्ज जातो. तो भरून काढायला लोखंड वाढवायचं, तर वरच्या पट्टीला मार बसतो. चांगला ट्रान्सफॉर्मर गुंडाळणं हे महिनोन्महिन्यांचं काम. जपानात तामुरा, टँगो अशी घरं हौशी लोकांसाठी ते बनवत राहिली. दुकानात जाऊन मासिकातली सर्किटची आकृती दाखवायची आणि नेमका तोच ट्रान्सफॉर्मर घेऊन यायचा. आपल्याकडे ट्रान्सफॉर्मर म्हटलं की स्टॅबिलायझरवाला विचारायचा, "किती ॲम्पिअर?"

संध्याकाळ_७८
तुम्ही सगळे घरातल्या ॲम्पबद्दल बोलताय. पण युद्धानंतरच्या जपानात रेकॉर्ड घरी ऐकायला पैसे कुणाकडे होते? परदेशी एलपी ही चैन होती. लोक ऐकायचे किस्सात, म्हणजे संगीत ऐकवणाऱ्या कॉफीच्या दुकानात. एका कॉफीच्या पैशात तासन्‌तास. योकोहामातलं चिगुसा १९३३चं. शिबुयातलं लायन १९२६चं, बॉम्बफेकीत गेलं, पुन्हा उभारलं. तिथे शास्त्रीय संगीत लागतं, खुर्च्या स्पीकरकडे तोंड करून मांडलेल्या, आणि गप्पा मारायच्या नाहीत.

मला वाटतं सवय तिथे लागली. यंत्रासमोर गप्प बसून ऐकायचं, यंत्राचा मालक त्यात काय काय करतो ते बघायचं, आणि मग आपल्या खोलीत तसंच काहीतरी उभं करायचं. एक पूर्ण पिढी दुसऱ्याच्या मोठ्या हॉर्नसमोर बसून कान तयार करून घरी गेली.

ओहमकार
मुद्दा आवडला, पण किस्सा म्हणजे व्हॉल्व्ह असं समीकरण नको. इवातेतल्या इचिनोसेकीचं 'बेसी' हे सगळ्यात नावाजलेलं जॅझ किस्सा, १९७०चं. तिथे जेबीएलचे स्पीकर आणि ट्रान्झिस्टरचे ॲम्प. आवाजही नाजूक वगैरे नाही, ड्रम छातीवर येतो.

निशीकासाईकर
लायनला गेलोय. मेन्यू कार्डासोबत त्या दिवशीच्या संगीताचा कार्यक्रम मिळतो. मी चमचा बशीत जरा जोरात ठेवला तर शेजारच्या आजोबांनी असं बघितलं की मी दोनच घोटांत कॉफी संपवली. आपल्याकडे सवाईत मागून वडापावच्या कागदाची चुरचुर येते, त्याची फार आठवण झाली.

तिसरा_हार्मोनिक
अजून कुणी बोललं नाही म्हणून बोलतो. सिंगल-एंडेड ट्रायोड पूर्ण ताकदीला काही टक्के डिस्टॉर्शन (मूळ आवाजात भेसळ) देतो, मुख्यतः दुसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ सुराचा वरचा सप्तक. कानाला गोड लागतो. डँपिंग फॅक्टर, म्हणजे स्पीकरला आवरून धरण्याची ताकद, कमी, म्हणून स्पीकरचा खर्ज सैल. सतत क्लास-ए, म्हणजे नळीतून पूर्ण वेळ प्रवाह चालू, म्हणून ३००बीला ३५० व्होल्टवर ६० मिलिॲम्पिअर, एकवीस वॅट खाते; वर नळी तापवणाऱ्या फिलामेंटचे सहा. सत्तावीस खाऊन आठ देते, बाकीची शेगडी. तुम्ही या दोषाला कधी झेन म्हणता, कधी इतिहास. आंधळी चाचणी घ्या, कुठला ॲम्प लागलाय ते न सांगता, आवाजाची पातळी जुळवून, मग बोलू.

सुमेधा_प
तानपुऱ्याची जवारीसुद्धा 'डिस्टॉर्शन'च आहे. काढून टाकायची का?

तिसरा_हार्मोनिक
जवारी वादकाने लावलेली असते, ती संगीताचा भाग आहे. ॲम्पने स्वतःची जवारी बिलीच्या गळ्याला का लावावी?

संपादक_मंडळ
तिसरा_हार्मोनिक आणि सुमेधा_प, दोघांचे मुद्दे चांगले आहेत. यापुढचे सहा प्रतिसाद वैयक्तिक झाल्याने काढले आहेत. कानांच्या वयाबद्दल शेरे नकोत.

जुनाट_रेडिओ
मूळ प्रश्नाकडे येतो. 'झेन' हे लेबल लागलं कुठे? जपानात ही मंडळी आपापल्या मासिकात, आपापल्या भाषेत सत्तरीच्या दशकापासून मजेत होती. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. ऑडिओवर लिहिणाऱ्या जाँ हिरागा यांनी १९७७ साली सुरू झालेल्या 'लोदिओफील' या फ्रेंच मासिकातून जपानी ट्रायोड, हॉर्न, भागांच्या आवाजातले बारकावे हे सगळं फ्रान्समध्ये नेलं. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला अमेरिकेत 'साउंड प्रॅक्टिसेस' हे नियतकालिक निघालं आणि तिथल्या लोकांना शोध लागला की आपल्याच आजोबांचं थिएटरातलं सामान जपानने उचलून नेलंय. अक्षरशः. सत्तर-ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या जुन्या थिएटरांतून वेस्टर्नचे हॉर्न, अल्टेक, नळ्या भरभरून जपानला गेल्या. स्वतः वेस्टर्नने ३००बी १९८८ साली बंद केली.

मग अमेरिकन माणसाने काय म्हणावं? 'आम्ही टाकून दिलं, त्यांनी जपलं' असं म्हणायला जड जातं. 'ही पूर्वेची गूढ विद्या आहे' म्हणायला सोपं. माझं मत विचाराल तर झेनचं वेष्टण मुख्यतः निर्यातीच्या बाजूने लागलं, आणि मग जपानी विक्रेत्यांनीही बघितलं की वेष्टण खपतंय.

आणि हो, हिरागांनी स्वतः 'ल मोंस्त्र' नावाचा आठ वॅटचा क्लास-ए ॲम्प केला, तो ट्रान्झिस्टरचा. म्हणजे जपानमधून त्यांनी नुसती काच उचलली नाही. 'पहिला वॅट चांगला हवा' ही गोष्ट उचलली.

दोन_घोट_कमी
बराच वेळ नुसती वाचत होते. जुनाट_रेडिओ, तुमचं वेष्टण खरं, पण आतला मालही तपासा. सुसुमू साकुमा यांना कुठे बसवणार? चिबाच्या टोकाला तातेयामा गावात 'कॉनकॉर्ड' नावाचं रेस्तराँ चालवायचे. तिथेच भिंतीभर स्वतः बनवलेले ॲम्प, आणि गिऱ्हाइकांसाठी मैफली. टप्प्याटप्प्यात ट्रान्सफॉर्मर, आउटपुटला निवडीचा ट्रायोड, बहुतेक नळ्या डायरेक्टली हीटेड, म्हणजे तापणारी तारच कॅथोडचं काम करते अशा. आणि ऐकायचं मोनोत! स्टीरिओ रेकॉर्डसुद्धा डेनॉनच्या डीएल-१०२ या मोनो कार्ट्रिजने. मोजमापाच्या चष्म्यातून बघितलं तर हा वेडेपणा आहे: पट्टी दोन्ही टोकांनी कापलेली, आठवणीतल्या रेडिओसारखा आवाज. ते जपानी मासिकांत हे लिहायचे, निर्यातीच्या कॅटलॉगसाठी नाही.

हा माणूस स्वस्ताईमुळे असा झाला नव्हता, सरप्लसमुळेही नाही. त्याने मुद्दाम कमी केलं. एक चॅनेल कमी, वॅट कमी, पट्टी कमी. याला झेन म्हणू नका हवं तर. पण 'निव्वळ जुना बाजार' म्हणूनही भागणार नाही.

ओहमकार
साकुमांपुढे मी हात टेकतो. पण एक साकुमा म्हणजे परंपरा नव्हे.

दोन_घोट_कमी
एकटा माणूस कुठला, तोक्योपासून एवढ्या दूर लोक तिथे ऐकायला जायचे. आणि इतर घ्या: केन शिंदो यांनी १९७७ साली सुरू केलेली शिंदो लॅबोरेटरी, जुन्या नळ्या-भागांवरच उभी. नोबू शिशिदो यांनी ट्रान्समीटरच्या नळ्या चालवायची नवीच पद्धत काढली. एअर टाइट १९८६ची, लक्समन ही ॲम्प बनवणारी कंपनी सोडून आलेल्या माणसांची. एनईसीने खास ऑडिओसाठी ट्रायोड बनवले, ५०सीए१० लक्समनच्या ॲम्पात गेली. आणि १९७६ साली, जेव्हा सगळं जग ट्रान्झिस्टरवर होतं, तेव्हा लक्समन आणि एनईसीने मिळून ८०४५जी ही नवी पॉवर ट्रायोड आणली! जुन्या बाजारावर जगणारे नवी नळी कशाला बनवतील?

व्हॉल्व्हकाका
८०४५जीचं उदाहरण बिनतोड आहे. मात्र ती पुश-पुल (नळ्या जोडीने काम करतात ती पद्धत), साठ वॅटच्या मोनोब्लॉकात, म्हणजे एकाच चॅनेलच्या ॲम्पात. अल्पसंतुष्ट ती नव्हती.

सुमेधा_प
म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आपण एका पोत्यात भरतोय. नळी जपणं एक. कमी वॅटवर समाधान मानणं दुसरं. पहिल्याचं कारण बाजार, मासिक, कारागीर. दुसऱ्याचं कारण स्पीकर, किस्सा आणि साकुमांसारखी माणसं.

जुनाट_रेडिओ
या पोत्यांच्या वाटणीला माझी हरकत नाही. फक्त दुसऱ्या पोत्यात १९३६च्या अमेरिकन सिनेमाघराचा ॲम्पही टाका. तो आठ वॅटचा होता कारण तेव्हा तेवढेच परवडत होते.

अर्धा_आवाज
बाप रे. दोन दिवस कामात होतो, इथे ग्रंथ झाला. माझा पातळ भिंतींचा मुद्दा पहिल्या तासातच गारद झालेला दिसतोय, असो. आता व्यवहाराचं बोलतो: एक ३००बीचा किट तोक्योहून मागवावा म्हणतो. बनवायला कितपत अवघड?

लॅमिंग्टन_रोड
अवघड नाही, पण नियम पाळा. आत चारशे व्होल्टच्या घरात डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये राहतो. ब्लीडर (कंडेन्सर रिकामा करणारा रेझिस्टर) आहे म्हणून विश्वास ठेवू नका, मीटर लावून शून्य बघा. चालू सेटमध्ये हात घालायचाच झाला तर एक हात खिशात.

दुसरं, घरघर. ३००बीला वेगळा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) नाही, फिलामेंटच कॅथोड. त्याला एसी दिला की पन्नास-शंभर हर्ट्झची गुणगुण येणार. म्हणून मध्ये एक लहान पॉट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) असतो, त्याला हम-पॉट म्हणतात. रेकॉर्ड बंद, आवाज शून्य, कान स्पीकरच्या कापडाला चिकटवायचा आणि पेचकस केसाएवढा फिरवायचा. गुणगुण कमी होत होत एका जागी बुडते आणि पुढे सरकलं की परत वर येते. बुडाली तिथे थांबा. अर्धा तास तापू द्या, परत तेच करा, कारण नळी गरम झाली की ती जागा सरकते. हॉर्नवाल्यांना हे जास्त छळतं. शंभर डेसिबलचा स्पीकर तुमची गुणगुणही तितक्याच प्रेमाने ऐकवतो.

तिसरा_हार्मोनिक
किंवा फिलामेंटला नीट रेग्युलेटेड डीसी द्या आणि झोपा शांत.

लॅमिंग्टन_रोड
यावर वेगळा धागा काढा. इथे काढलात तर संपादक परत येतील.

निशीकासाईकर
किट मागवण्याआधी मागचं लेबल बघा. इथली वीज १०० व्होल्ट. त्यात पूर्व जपान ५० हर्ट्झ आणि पश्चिम ६०, कारण एकोणिसाव्या शतकात तोक्योने जर्मन जनरेटर घेतले आणि ओसाकाने अमेरिकन. लेबलवर ५०/६० लिहिलं असेल तर स्टेप-डाऊन (व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर) लावून पुण्यात बिनधास्त चालेल. नुसतं ६० असेल तर पॉवर ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर तापेल. निर्यातीचा २३० व्होल्टवाला मिळाला तर उत्तमच.

अर्धा_आवाज
हे फार कामाचं सांगितलंत. स्टेप-डाऊन किती व्हीएचा (व्होल्ट-ॲम्पिअरचा) घेऊ?

व्हॉल्व्हकाका
स्टीरिओ ३००बी असेल तर तीनशे व्हीएचा घ्या, निवांत चालेल. पण आधी सांगा, स्पीकर कुठले आहेत?

अर्धा_आवाज
बुकशेल्फ. लेबलवर ८५ डेसिबल लिहिलंय.

व्हॉल्व्हकाका
मग किट राहू द्या. आधी फॉस्टेक्स कंपनीचं एखादं फुलरेंज युनिट (खर्जापासून तारापर्यंत सगळं वाजवणारा एकच स्पीकर) आणा, त्यासाठी सुताराकडून मरीन प्लायचा बॅक-लोडेड हॉर्न, म्हणजे आत मागच्या बाजूने भोंगा असलेली पेटी, कापून घ्या, आणि आत्ता घरात जो ॲम्प आहे त्यावरच लावून महिनाभर ऐका. ३००बीचं पुढच्या दिवाळीला बघू.

सदाशिव_पेठी
सुतार माझ्या ओळखीचा आहे. दुपारी एक ते चार फोन करू नका.